गाईच्या अभावी

पितृपक्षातला गाईचा घास घोडीला घातला तर चालतो की नाही, याबद्दल शास्त्रात काहीही लिहिलेलं नाही. हे मला ढुंढिराज गुरुजींनीच सांगितलं, पण नंतर. आधी त्यांनी "चालतं हो विश्वेशराव" असं सांगितलं होतं, तेही स्कूटरवरून न उतरता. गुरुजी आमच्याच कॉलनीत राहतात आणि रामकुंडावर विधी सांगतात. पितृपक्षात त्यांना जमिनीला पाय लावायला फुरसत नसते. एका घराचे पूर्वज वाटेला लावून दुसऱ्या घराच्या पूर्वजांकडे जाताना मधल्या वेळात जो सापडेल त्याच्या शंकेचं ते निरसन करतात. त्यामुळे दोष मी गुरुजींना देत नाही. दोष कोणाला द्यावा हेच मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून जे घडलं ते सगळं सांगतो.

घोडीच्या आधी टेंपो आले. आमची कॉलनी गंगापूर रोडला, आतल्या बाजूला. सिंहस्थ येणार म्हणून आमचा रस्ता खणायला घेतला. आधी गटारीसाठी खणला, मग केबलसाठी खणला, आणि मग केबलखाली गेलेली गटार शोधायला पुन्हा खणला. शेवटी उरला तो एका गाडीपुरता पट्टा, आणि तो नेमका माझ्या तळमजल्याच्या गॅलरीसमोर येऊन संपतो. कॉलनीत येणारं यच्चयावत सामान तिथे येऊन थांबायचं. पार्सलं, पाण्याचे जार, गॅस, भाजी, गाद्या, फ्रीज. पूर्वी माणूस पिशवी घेऊन बाजारात जायचा, आता बाजार टेंपोत बसून माणसाकडे येतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लताबाई कोथिंबिरीची एक जुडी मागवतात आणि ती जुडी एकटी, ऐटीत, चारचाकीतून येते. टेंपोवाले इंजिन बंद करत नाहीत. एकाला मी विचारलं तर तो म्हणाला, "काका, बंद केली तर परत चालू व्हायची गॅरंटी नाय." यावर पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने काय बोलावं?

गॅलरीमागच्या खोलीत मालिनी असायची. मालिनी म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी ती गेली. तिचं फुफ्फुसाचं दुखणं जुनं होतं, आणि टेंपोंनी तिला मारलं असं मी कधीही म्हटलेलं नाही. पण खिडकी लावली की तिचा जीव घुसमटायचा आणि उघडली की खोकला यायचा, अशा दोन्हींच्या मधे आम्ही शेवटचे महिने काढले. ती गेल्यावर खिडकी उघडी ठेवायची की लावायची, हे सांगायला घरात कोणी उरलं नाही. मी गॅलरीत बसून टेंपो मोजायला लागलो. तेव्हाच मनाशी ठरवलं, की ह्या खिडकीसमोर एकही इंजिन चालू राहता कामा नये. निवृत्त माणसाच्या मानाने मागणी लहान होती.

मी सोसायटीची सभा बोलावली. माझी कल्पना सरळ होती. सगळ्या गाड्या कॉलनीच्या तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली थांबतील, माल तिथे उतरेल आणि तिथून धूर न सोडणारी एकच गाडी तो घरोघर पोचवील. पुण्याला माल वाहतुकीच्या कंपनीत असलेला माझा मुलगा तनय फोनवर म्हणाला, "बाबा, ह्याला लास्ट माईल म्हणतात, शेवटचा टप्पा. सगळ्यात अवघड तोच असतो." मी म्हटलं, "माहीत आहे. आमच्यात त्याला चार माणसं लागतात." त्यावर त्याने माझं जेवण झालं का ते विचारलं. मला विनोद करायचा होता, पण हल्ली माझे विनोद असेच होतात.

सभेत सेक्रेटरी रविराज आहेर यांनी विरोध केला. रविराज मूळचे देवळ्याचे, कांद्याच्या व्यापारातले, माणूस मोकळा, पण आवाज लिलावातला. त्यांच्या मते धूर हा शहराचा गुण आहे आणि ज्याला तो नको त्याने पेठ-सुरगाण्याच्या जंगलात जाऊन राहावं. तरीही लताबाईंनी हात वर केला आणि "मालिनीताईंसाठी" असं म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनीच वर केले. रविराजांनीही केला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, काकूंचं नाव आलं म्हणून. नाहीतर हे चालायचं नाय, लिहून ठेवा."

पहिल्यांदा विजेवर चालणारी रिक्षा आणली. ती शांत, सुंदर आणि अल्पायुषी निघाली. तिला चार्ज कुठे करायचं यावर आमच्याकडे जितकी चर्चा झाली तितकी घटना समितीतही झाली नसेल. सभागृहातल्या प्लगाला जोडली तर वीजबिल सर्वांचं, घरच्या प्लगाला जोडली तर वायर दुसऱ्यांच्या गॅलरीसमोरून जाणार, आणि त्या दुसऱ्यांच्या मते वायरीतून लहरी येतात. ह्या सगळ्यातून तोडगा निघाला त्याच दिवशी पाऊस झाला आणि रिक्षा गटारीच्या चरात एका अंगावर निजली. तिचा मालक तिला बाहेर काढून जो गेला तो परत आला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "ह्या रस्त्यावर बैलच चालंल." त्याने ते चिडून म्हटलं होतं. मी ते गंभीरपणे घेतलं.

बैल मिळाला नाही, फकिरा मिळाला. पंचवटीत यात्रेकरूंना टांग्यात फिरवण्याचा त्याचा धंदा रिक्षांनी कधीच खाल्ला होता. आता लग्नाच्या वराती आणि शाळेच्या मिरवणुका यांच्यावर तो आणि त्याची घोडी जगत होते. घोडीचं नाव हौशी. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की कोणीतरी काहीतरी द्यायचं विसरलंय. टांग्याचा सांगाडा काढून फकिराने टायरच्या चाकांची बुटकी गाडी केली. "साहेब, माझी हौशी लय शहाणी हाय," तो म्हणाला. "विलेक्शनला उभी केली तर निवडून यील." फकिराच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घोडीलाही कंटाळा यायचा, पण दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे. दुपारी तो करंजाखाली आडवा व्हायचा, आणि ती त्याच्या डोक्याशी मान खाली घालून उभी राहायची. त्याच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलं नव्हती. आमची पटकन गट्टी जमली, याचं कारण आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

परवानगी हे प्रकरण वेगळं. एका कचेरीत मला विचारण्यात आलं, की घोडी हे वाहन की प्राणी? प्राणी असेल तर खिडकी वेगळी, वाहन असेल तर इमारतच वेगळी. मी म्हटलं, गाडीला जोडली की वाहन, सोडली की प्राणी. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग अर्ज करताना ती कोणत्या स्थितीत आहे?" मी खिडकीबाहेर पाहिलं. हौशी अंगणातल्या शोभेच्या कुंड्यांतली झेंडूची झाडं खात होती. "ह्या क्षणी प्राणी," मी सांगितलं, आणि आम्ही तिथून निघालो ते सहीशिवायच. पुढे रविराजांनी कुठेतरी फोन केला आणि काम झालं. वर ते मला चिडवत राहिले, "काका, तिचं पीयूसी काढलंत का? मागून बघा जरा, काय सोडते ते." ती जे सोडायची ते लताबाई गुलाबांना घालायच्या, आणि त्या वर्षी आमच्या कॉलनीत गुलाब पाहायला लोक यायचे.

ओटीपीचा घोळ व्हायचाच होता. पार्सल करंजाखाली उतरणार, तर ओटीपीही तिथेच द्यायला हवा. म्हणून साऱ्या कॉलनीने आपापले ओटीपी मला कळवायचे ठरले. मी कानटोपी घालून, खुर्ची टाकून तिथे बसू लागलो. चारचौघांत मान असलेला माणूस मी, आणि वरच्या मजल्यांवरून लोक ओरडून मला आकडे सांगायचे. एकदा एकाची गादी दुसऱ्याकडे गेली आणि त्याने ती तीन रात्री वापरूनही घेतली. आइस्क्रीम मागवणाऱ्या एका घराला दूध मिळालं. पण टेंपो करंजापाशीच थांबू लागले. तिथे मी एक आडवा लोखंडी पाईप बसवून घेतला होता, दोन्ही बाजूंनी पक्का वेल्डिंग केलेला, घोडीची गाडी खालून सरकेल इतकाच उंच. कोणी मेहेरबानी म्हणूनसुद्धा आत येऊ शकू नये, अशी माझी सोय होती.

आणि एका सकाळी मी गॅलरीत चहा घेऊन बसलो तर समोर शांतता होती. टापांचा आवाज आला, हौशी थांबली, फकिराने लताबाईंची कोथिंबीर उतरवली आणि ती पुढे गेली. वास आला तो घोड्याचा आणि ओल्या मातीचा. मला इतकं बरं वाटलं आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की चहा तसाच राहिला. हे वर्षभर आधी सुचलं असतं तर, असं माझ्या मनात आलं, आणि मग दिवसभर दुसरं काही आलंच नाही. खिडकी मात्र मी तेव्हापासून उघडी ठेवली.

कॉलनीने हौशीला आपली मानली. पोळ्याला बायका आरत्या घेऊन उतरल्या. बैल नव्हता, पण हौस होती. शिंगांना रंग लावायची पंचाईत आली, म्हणून लताबाईंनी कपाळाला बाशिंग बांधलं. पुरणपोळीचा एक तुकडा तिला मिळाला आणि बाकीचं ताट फकिराने बसल्या बैठकीला संपवलं. "जनावराला गोड बेतानं द्यावं, ताई," तो तोंड पुसत म्हणाला. "मला कायबी चालतंय." सगळे हसले, आणि फकिराच्या बोलण्यातलं जे घ्यायचं ते आम्ही नेहमीप्रमाणे घेतलं नाही.

मग पितृपक्ष लागला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. मालिनीची ती पहिली नवमी. तनय रजा मिळाली नाही म्हणून आला नाही, आणि ते बरंच झालं, कारण मी स्वतः स्वयंपाक करायचं ठरवलं होतं. खीर लागली, वडे फुटले, पुरण पातळ झालं. पान वाढून गच्चीवर ठेवलं. पितृपक्षात कावळ्यांना इतकी आमंत्रणं असतात, की मध्यमवर्गीय पानाकडे ते बघतही नाहीत. एक येऊन वड्याकडे तिरका बघून गेला. राहिला गाईचा घास. आमच्याकडे कुसाबाई नावाची बाई गाय घेऊन यायची, लोक तिच्याकडूनच गवत घेऊन गाईला घालायचे, घासही त्याच गाईला. रस्ता खणल्यापासून तिच्या वाटेतल्या चरावर टाकलेल्या फळीवर गाय चढेना, म्हणून कुसाबाईने आमची कॉलनी सोडली होती.

घास हातात घेऊन मी फाटकाशी उभा असताना गुरुजींची स्कूटर आली. मी विचारलं. गुरुजींनी एक पाय टेकला, इंजिन चालूच होतं. "असं बघा, पूजेत दागिना नसला की आपण काय वाहतो? अलंकारार्थे अक्षता. वस्त्र नसलं की कापसाचं वस्त्र. अभावी जे आहे ते. भाव महत्त्वाचा. चालतं हो विश्वेशराव." आणि गेले. गाईच्या अभावी करंजाखाली हौशी होती.

मी घास पुढे केला. फुटलेला वडा, पातळ पुरण, लागलेली खीर, सगळं तिने मिटक्या मारत खाल्लं, तळवासुद्धा चाटला, आणि मग डोकं माझ्या खांद्यावर टेकवून उभी राहिली. मालिनीने माझ्या हातचं कधी असं खाल्लं नव्हतं, मला स्वयंपाक येतच नाही हे तिला माहीत होतं. मी तिथेच, टेंपोवाल्यांच्या समोर, घोडीच्या मानेला धरून रडलो. एकाने मला पार्सलावर सही करता का विचारलं, मी तीही केली.

ही गोष्ट घरोघर गेली. गर्गेकाकांचं, म्हणजे माझं, पितर घोडीच्या रूपाने जेवलं, अशी ती पोचेपर्यंत झाली. दुसऱ्या दिवसापासून कोणी ना कोणी घास घेऊन येऊ लागलं. रोजचा एखादाच असायचा, त्यामुळे काही बिघडलं नाही. कावळा शिवला नाही म्हणून ज्यांचा जीव टांगणीला लागायचा त्यांना हौशीने मोठाच आधार दिला. तिने कोणाच्याही पूर्वजांना कधी नाही म्हटलं नाही.

सर्वपित्री अमावस्येला फकिरा सुट्टी घेऊन देवळ्याला गेला. तिथे त्याचा भाऊ असतो, बापाचं पितर दोघं मिळून घालतात. जाताना हौशीला करंजाला बांधून, पुढ्यात गवत टाकून मला म्हणाला, "साहेब, पाणी तेवढं बघा. सांजच्याला येतोच." मी म्हटलं, निश्चिंत जा.

सर्वपित्रीला सगळ्यांचंच असतं. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांची चुकली, जे कोणाचे कोणी नव्हते, त्या सगळ्यांचं त्या एका दिवशी उरकतात. दुपारी बारानंतर माणसं ताटं घेऊन उतरू लागली. पहिला घास माझा होता. मालिनीचं नवमीला झालं होतं, तरी मी पुन्हा केलं, आणि या वेळी पुरण चांगलं झालं म्हणून जरा जास्तच घेतलं. मग लताबाई आल्या. त्यांनी सासू-सासरे, दीर आणि एक लांबची आत्या अशा सगळ्यांची वेगवेगळी पानं आणली होती, कारण हयातीत त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. रविराज स्वतः आले, त्यांच्या घरचं पुरण तुपात बुडलेलं. मागच्या इमारतीतली, ज्यांनी घोडी आणायलाच विरोध केला होता, तीही मंडळी आली. गर्दी झाली तशी कुरबुर सुरू झाली, की आमचं पान आधी, आमचे आजोबा थांबलेत. तेव्हा मी पुढे झालो आणि रांग लावली. मला शिस्तीची आवड आहे. जे मागे राहिले त्यांना मी सांगत होतो, "घाई करू नका, सगळ्यांचं होईल." हे माझेच शब्द आहेत.

हौशी खात होती. एवढं सगळं एकाच दिवशी कसं काय मिळतंय याचं आश्चर्य तिच्या डोळ्यांत दिसत होतं. शेवटची काही पानं तिने हुंगली आणि मान फिरवली, पण रांगेतल्या माणसाचा चेहरा पडला, म्हणून मीच तिच्या तोंडाशी घास धरला. तिने तो घेतला. शहाणी होती, कोणाचं मन मोडत नसे.

चहाच्या सुमाराला मी पाणी द्यायला गेलो तर ती पुढच्या पायाने माती उकरत होती आणि वळून वळून आपल्याच पोटाकडे पाहत होती. अंगाला घाम सुटला होता. मग ती बसली, लोळली, पुन्हा उठली. मी हाका मारल्या. लताबाई ओवा घेऊन आल्या, कोणी हिंग सुचवला, कोणी म्हणालं दृष्ट लागली. रविराजांनी मात्र न बोलता जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरीणबाई मोठा रस्ता सोडून आत चालत आल्या, बॅग आणि नळी हातात घेऊन. काय खाल्लं विचारल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. मग मी सांगितलं.

"अहो, घोड्याला उलटी होत नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. पण असं काही असतं हे आमच्यातल्या कोणाच्याही, म्हणजे इतक्या शिकलेल्या कॉलनीच्या, कानावर कधी आलं नव्हतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटातलं काढायचा प्रयत्न केला, तेल सोडलं. मग म्हणाल्या, हिला दवाखान्यात न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता. गाडी आली. मोठी, डिझेलची, जनावर चढवायची फळी असलेली. ती माझ्या पाईपापाशी थांबली.

पाईप वेल्डिंग केलेला होता. रविराजांनी त्याला लाथा घातल्या, मी दगड आणला. करवत आणायला धावलेला माणूस अमावस्येमुळे दुकान बंद म्हणून तसाच परत आला. शेवटी हौशीलाच पाईपाखालून पलीकडे न्यायचं ठरलं. गाडी सरकेल इतका तो उंच होता, पण हौशी नेहमी सवयीने मान खाली घालून जायची. आता मान खाली घातली की ती पुढचे पाय दुमडून बसायची. रविराजांनी तिच्या पोटाला खांदा लावला, मागच्या इमारतीतल्यांनी लावला, दोन पार्सलवाल्यांनी लावला. ती पाईपाच्या अलीकडेच, उतरवून ठेवलेल्या खोक्यांच्या मधे आडवी झाली. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. मी तिच्या डोक्याशी बसलो. दिवेलागणीला ती गेली.

गुरुजी दिवसभराची कामं आटोपून तेव्हा आले. त्यांनी स्कूटर बंद केली, उतरून आमच्यापाशी आले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "विश्वेशराव, खरं सांगायचं तर शास्त्रात याबद्दल काही नाही हो. मी आपलं..." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसरं काय करणार? ते माणूस म्हणून वाईट नाहीत. आम्ही कोणीच नव्हतो.

फकिरा आला तेव्हा अंधारून येत होतं. पाईपापाशी गर्दी बघून त्याला वाटलं असणार, की पार्सलवाल्यांचं नेहमीचं भांडण आहे, कारण लांबूनच तो म्हणाला, "काय रं, सणासुदीचं बी सुखानं राहत नाय?" लोक बाजूला झाले. मी त्याला सांगायला वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सांगायच्या आधीच तो पुढे झाला.

तो तिच्याजवळ बसला. मानेवरून हात फिरवला, कान सरळ केला. तिच्या ओठांना खीर लागून वाळली होती, ती त्याने उपरण्याने पुसली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काय खाल्लं तिनं?"

मी सांगितलं. पुरणपोळ्या, खीर, वडे, अळूवड्या, कढीभात, कोणाकडची बासुंदी. सांगताना वाटत होतं, तो आता उठेल आणि माझी गचांडी धरेल, आणि त्याने ती धरावी. "पहिला घास माझा होता," मी म्हटलं. "शेवटचे मीच बळंबळं भरवले. तिला नको होते." मागे लताबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. रविराज रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"लय भारी जेवली म्हणायची," फकिरा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

मग त्याला बरोबर आणलेल्या डब्याची आठवण झाली. त्याने झाकण काढलं. आत पळसाच्या पानात पुरणपोळी, तिच्यावर खीर आणि एक वडा. "म्या बी तिच्याचसाठी आणला व्हता," तो म्हणाला. "वहिनी गाईचा घास काढत व्हती, तर म्हणलं, आमच्या हौशीचा बी काढ. ती वाट बघत असंल." पान हातात धरून तो बसून राहिला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग मान वर करून गुरुजींना विचारलं, "आता ह्यो कोणाला घालायचा, महाराज?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे अभावी म्हणून काही राहिलं नव्हतं.

मी फकिरासमोर, तिच्या डोक्याच्या दुसऱ्या बाजूला, खाली मातीत बसलो आणि हात पुढे केला. दिवसभर मी काहीच खाल्लेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं, आणि पानातलं सगळंच माझ्या ओंजळीत ठेवलं. पुरण गोड होतं, वेलदोडा जास्त पडला होता. मी खात राहिलो, डोळ्यांतलं पाणी नाकातोंडात येत होतं, आणि सगळी कॉलनी बघत होती.

"सावकाश," फकिरा उठत म्हणाला. "ठसका लागंल. मी पाणी आणतो."